पंचगंगेचा पूर कोणत्या विषयात शिकवतात?

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरातल्या कॉलेजांच्या प्रवेश खिडकीसमोर अलीकडे एक नवाच गोंधळ दिसतो. पूर्वी सायन्स, कॉमर्स की आर्ट्स एवढं ठरलं की काम झालं. आता फॉर्मवर मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, एसईसी, व्हीएससी अशी रांग असते. बी.एस्सी.ला निघालेल्या मुलीला दुसऱ्या शाखेचा एखादा विषय निवडायला सांगतात आणि तिचे वडील विचारतात, "तिला केमिस्ट्री करायचीय, मग हे मधेच कशाला?" प्रश्न अगदी रास्त आहे. खिडकीपलीकडच्या कारकुनाला त्याचं उत्तर द्यायला वेळ नसतो आणि माहितीपत्रकात ते सापडत नाही.

उत्तराची सुरुवात २९ जुलै २०२० ला होते. त्या दिवशी केंद्र सरकारने नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं. पदवीचं शिक्षण एका शाखेच्या भिंतीआड नको, ते बहुविद्याशाखीय हवं, असं त्यात म्हटलं आहे. त्यासाठी धोरणाने जगभर चालत आलेल्या लिबरल आर्ट्स पद्धतीचा आधार घेतला आहे. महाराष्ट्रात आधी स्वायत्त आणि नंतर संलग्न कॉलेजांत ही रचना आली, म्हणून ती आता गारगोटीच्या, गडहिंग्लजच्या मुलांच्याही फॉर्मवर दिसते.

विषयांची सरमिसळ हा या पद्धतीचा सोपा भाग आहे, तो वेळापत्रक बदलून जमतो. अवघड भाग कॉलेजातल्या माणसांचा आहे: कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाचं लिखाण वाचतं, वर्ग सुटल्यावर काय घडतं. मुलांचं कुतूहल वाढतं ते तिथे. या भागाची चर्चा फार कमी होते, म्हणून हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

लिबरल आर्ट्स म्हणजे नेमकं काय

इथल्या 'आर्ट्स'चा आपल्या कला शाखेशी थेट संबंध नाही. मध्ययुगीन युरोपात सुशिक्षित माणसाला सात विद्या याव्यात असं मानलं जाई: व्याकरण, तर्कशास्त्र, वक्तृत्व, अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलशास्त्र. यादीत गणित आणि आकाशाचा अभ्यास आहे हे लक्षात घ्या. आजच्या लिबरल आर्ट्स कॉलेजातही भौतिकशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, नाटक सगळं असतं. विद्यार्थी एका विषयात खोल जातो, तो मेजर. दुसऱ्या एखाद्या विषयाची बऱ्यापैकी ओळख करून घेतो, तो मायनर. उरलेला वेळ पूर्ण वेगळ्या क्षेत्रांसाठी असतो. ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरून घ्यायचा विषय. फॉर्मवरच्या एसईसी आणि व्हीएससी या कौशल्यांच्या तासिका आहेत, त्यांचा इथे विचार करायचं कारण नाही.

राहिला क्रेडिट हा शब्द, म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तासांचं शिकवणं, प्रात्यक्षिकाचं म्हणजे ३० तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६० क्रेडिट लागतात. यापुढे हिशेब फारसा लागणार नाही.

अमेरिकेत या पद्धतीची छोटी निवासी कॉलेजं आहेत. विल्यम्स कॉलेज १७९३ मधलं, ॲमहर्स्ट १८२१ मधलं, स्वार्थमोर १८६४ मधलं. एकेका कॉलेजात जेमतेम दीड-दोन हजार विद्यार्थी असतात आणि शिक्षकांची मुख्य नोकरी पदवीच्या मुलांना शिकवणं हीच असते. आपल्याकडे रवींद्रनाथांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा काढली आणि १९२१ मध्ये विश्वभारती उभी केली, तेव्हा चित्रकला, संगीत, भाषा आणि शेतीचे प्रयोग एकाच परिसरात आणले. अलीकडची नावं घ्यायची तर पुण्यातलं फ्लेम, बेंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ, सोनीपतचं अशोका विद्यापीठ.

कुतूहल येतं कुठून

"आमच्या पोराला कशातच रस नाही," असं पालक म्हणतात तेव्हा कुतूहल हा जन्मजात गुण आहे असं ते धरून चालतात. मानसशास्त्रातलं संशोधन थोडं वेगळं सांगतं. जॉर्ज लोवेनस्टीन या अभ्यासकाने १९९४ मध्ये एक मांडणी केली. आपल्याला काय माहीत आहे आणि काय जाणून घ्यायचं आहे, यातली फट आपल्याच नजरेला पडली की कुतूहल जागं होतं. ज्या विषयातलं काहीच ठाऊक नाही, त्याबद्दल ते वाटत नाही, कारण फट दिसायलाही थोडी माहिती लागते. सगळं येतं असं वाटणाऱ्यालाही ती दिसत नाही.

ही मांडणी मला फार मोलाची वाटते, कारण त्यातून शिक्षकाचं काम स्पष्ट होतं. आधी थोडं शिकवायचं आणि मग जिथे माहिती संपते ती कड मुलांना दाखवायची. आपल्या नोट्स नेमक्या उलट बांधणीच्या असतात. प्रश्नाला उत्तर, उत्तराखाली पूर्णविराम. विषय तिथे संपला असंच मुलांना वाटतं.

२०१४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रात एक प्रयोग झाला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले आणि कोणत्या प्रश्नाचं उत्तर कळण्याची किती उत्सुकता आहे ते विचारलं. उत्तर दिसायच्या आधीच्या काही सेकंदांत पडद्यावर एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला. त्याचा प्रश्नाशी काही संबंध नव्हता. ज्या प्रश्नांनी उत्सुकता ताणली होती त्यांची उत्तरं लोकांच्या लक्षात राहिली, ते अपेक्षितच होतं. पण त्या वेळी दिसलेले चेहरेही अधिक चांगले लक्षात राहिले. म्हणजे उत्सुकतेच्या अवस्थेत मेंदू भोवतालचंही टिपत असतो. केमिस्ट्रीच्या मुलीला इतिहासातल्या एखाद्या प्रश्नाने खरंच पकडलं, तर त्या आठवड्यात ती केमिस्ट्रीही जास्त जागेपणी शिकेल, असं मला यावरून वाटतं. प्रयोगाने एवढं सिद्ध केलेलं नाही, हा माझा अंदाज आहे.

सर्जनशीलतेबद्दल मानसशास्त्रज्ञ टेरेसा अमाबिले यांचा १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगायला हवा. त्यांनी विद्यार्थिनींना कागदाच्या तुकड्यांची कोलाज करायला दिली. काहींना आधीच सांगितलं की तुमचं काम तपासलं जाणार आहे. मग चित्रकारांकडून सगळी कोलाज पाहून घेतली. तपासणीची धास्ती असलेल्यांचं काम एकूणात कमी सर्जनशील ठरलं. आपल्या कॉलेजांत हस्तलिखितापासून वृक्षारोपणापर्यंत प्रत्येक गोष्टीला गुण जोडायची सवय लागली आहे. हेतू चांगला असतो, मुलांनी भाग घ्यावा हा. परिणाम मात्र असा होतो की मूल आधी गुणांचा तक्ता बघतं आणि तेवढंच करतं.

एक नदी, सगळे विभाग

आता हे प्रत्यक्षात कसं दिसेल ते आपल्या गावातल्या प्रश्नावर पाहू.

दर जुलैला कोल्हापूरकरांचं लक्ष एका आकड्याकडे लागतं: राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा तेच.

समजा, वर्गात एका मुलीने विचारलं, "४३ फुटांना धोका म्हणायचं हे ठरतं कशावरून? शिवाय धोका नेमका कोणाला?" आजच्या रचनेत हा प्रश्न कोणत्या विभागाचा? भूगोलाचे सर म्हणतील अभ्यासक्रमात नाही. संख्याशास्त्राच्या मॅडम म्हणतील हा भूगोल झाला. प्रश्न तिथेच विरून जातो आणि मुलगी पुढच्या वेळी हात वर करत नाही.

लिबरल आर्ट्स पद्धतीच्या कॉलेजात हाच प्रश्न एका सत्राचं काम होऊ शकतो. भूगोल सांगतो की कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती मिळून पंचगंगा होते आणि ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही. भोगावतीवरच्या राधानगरी धरणाची स्वयंचलित दारं कोणत्या पातळीला उघडतात, हा अभियांत्रिकीचा भाग. रोजच्या पावसाचे आणि पाणीपातळीचे आकडे एकत्र मांडले की संख्याशास्त्राचं काम सुरू होतं: गगनबावड्याला पाऊस कोसळल्यावर किती तासांनी बंधाऱ्यावर पाणी चढतं? हे पदवीच्या मुलांना जमण्यासारखं आहे आणि त्यातून सहसंबंध म्हणजे काय ते जन्मभर लक्षात राहतं.

मग प्रयाग चिखलीची, आंबेवाडीची माणसं येतात. ही गावं पाण्यात आधी सापडतात. तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवणं हे इतिहासाचं आणि मराठी विभागाचं काम. १९८९ चा पूर कुठवर आला होता? कोणत्या देवळाची कितवी पायरी बुडाली होती? हे आकडे कार्यालयात असोत नसोत, माणसांच्या बोलण्यात सापडतात. अर्थशास्त्राला विचारायचं की उसाच्या फडात आठ दिवस पाणी उभं राहिलं तर साखर कारखान्यापर्यंत तोटा कसा पोचतो, दुधाचं संकलन थांबलं की घरातल्या बाईच्या हातातला पैसा किती कमी होतो. राज्यशास्त्रात कृष्णेवरचं, कर्नाटकातलं अलमट्टी धरण येतं. त्याची उंची वाढवण्यावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांचा वाद चालू आहे. त्यात तज्ज्ञांचंही एकमत नाही, आणि पदवीच्या वर्गात अशा न सुटलेल्या वादाला मोठं मोल आहे. शेवटी एक प्रश्न उरतो, ज्याला आकड्यांत उत्तर नाही: गाव हलवायचं का, आणि ते कोणी ठरवायचं?

त्या मुलीचा मूळ विषय संख्याशास्त्र असेल तर ती संख्याशास्त्रातच खोल जाईल. तिचं उत्तरही बहुधा अपुरं असेल. पण आपले आकडे कोणाच्या तरी घरात शिरलेल्या पाण्याचे आहेत, हे तिला ठाऊक असेल. शिवाय चिखलीच्या आजोबांची आठवण आणि बंधाऱ्यावरची नोंद जुळली नाही तर काय करायचं, हा संशोधनातला खरा पेच तिच्या वाट्याला विसाव्या वर्षी आलेला असेल.

वस्ताद, हौदा आणि जोड

हे सगळं एकट्या मुलाकडून होत नाही, आणि हे समजायला कोल्हापूरकराला लांब जावं लागत नाही. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत पहाटे जाऊन उभं राहिलं की कळतं. डाव ऐकून येत नाही. जोर-बैठका पोरगा एकटा मारेल, पण कुस्ती शिकायला समोर जोड लागते. कधी आपल्यापेक्षा भारी, कधी हलका, कधी वेगळ्याच अंगाने लढणारा. वस्ताद हौद्याच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या, कडेला बसून बघतो, अधूनमधून एखादा शब्द टाकतो. पोरगा चितपट झाला तरी तो अपमान नसतो, सराव असतो. शिवाय कित्येक पोरं तालमीतच राहतात, एकत्र जेवतात. संध्याकाळच्या गप्पांतही कुस्तीच असते.

विल्यम्स कॉलेजात काही विषय असेच शिकवतात. त्याला ट्युटोरियल म्हणतात, पण आपल्याकडच्या ट्युटोरियलशी त्याचा काही संबंध नाही. एका शिक्षकासमोर दोनच विद्यार्थी असतात. एका आठवड्याला एकजण पाच-सात पानांचा निबंध लिहून आणतो, दुसरा त्यावर टीका करतो. पुढच्या आठवड्याला भूमिका उलट. शिक्षक शक्यतो गप्प राहतो. तिथे पाठांतर कामाला येत नाही, कारण समोरचा लगेच विचारतो, "हे तू कशावरून म्हणतोस?" आणि पुढच्या आठवड्यात आपल्यालाही त्याचं लिखाण इतक्याच बारकाईने वाचायचं असतं. दुसऱ्याची चूक सभ्यपणे दाखवायची आणि आपली शांतपणे ऐकायची, या दोन्ही गोष्टी तिथे शिकायला मिळतात.

स्वार्थमोर कॉलेजने १९२२ मध्ये आणखी एक गोष्ट सुरू केली. तिथल्या ऑनर्सच्या विद्यार्थ्यांची परीक्षा बाहेरून आलेले अभ्यासक घेतात. बाहेरचा परीक्षक आपल्यालाही नवा नाही. पण तिथे शिकवणं छोट्या गटांत चालतं आणि परीक्षक मुलाशी समोरासमोर बसून बोलतो. त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एकाच बाजूला येतात. गुण शिक्षकाच्या हातात नसतात, म्हणून त्याच्यासमोर "मला हे कळलं नाही" असं म्हणायला मूल घाबरत नाही. अमाबिले यांच्या प्रयोगातली तपासणीची धास्ती आठवा, म्हणजे या व्यवस्थेचं महत्त्व ध्यानात येईल.

कोल्हापूरला हे अगदीच नवं नाही

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली: जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळाल्याशिवाय कॉलेजचं दार उघडून उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. ही बोर्डिंग जातवार होती, त्या काळात मुलं शिकायला यावीत म्हणून ती तशी काढावी लागली. जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं. तिथे मुलं एकत्र राबत, एकत्र जेवत आणि एकत्र शिकत. निवासी शिक्षणातला सर्वात मोठा धडा शेजारच्या अंथरुणावरच्या मुलाकडून मिळतो, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी कृतीत उतरलं होतं.

राजाराम कॉलेज १८८० पासूनचं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ना. सी. फडके, माधव जूलियन आणि प्राकृताचे थोर अभ्यासक आ. ने. उपाध्ये अशी माणसं तिथे शिकवत. याच कॉलेजचा विद्यार्थी पैलवान खाशाबा जाधव. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा राजारामचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आला, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्याच्या कामाच्या यादीत हे कुठेच नसतं. पण आपल्या एका मुलाला काहीतरी विलक्षण करायचं आहे आणि ते होण्यासाठी मी काय करू, असा विचार करणारा मोठा माणूस कॉलेजात असणं, याला कॉलेजचा समाज म्हणतात. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज खर्डेकरांचं नाव आहे.

कॉलेजबाहेरही हे घडलं. बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत. चलच्चित्राचा कॅमेरा परदेशातून आणायला पैसे नव्हते, तर तो इथेच बनवला. सुतारकाम, यंत्रकाम, रंग आणि प्रकाशाचं ज्ञान एका माणसात होतं म्हणून ते जमलं. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत पडेल ते काम करत शिकलेली मंडळी, व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच प्रभात सुरू केली. कोणत्याही अभ्यासक्रमाने हे ठरवून केलं नव्हतं. वेगवेगळ्या हातांची माणसं एका आवारात होती आणि एकाचं काम दुसऱ्याला दिसत होतं.

"सगळं थोडं थोडं, धड काहीच नाही"

हा आक्षेप मी बऱ्याच शिक्षकांकडून ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे. ओपन इलेक्टिव्ह म्हणून कुठलाही सोपा विषय घेतला, वीस पानांच्या नोट्स वाचल्या आणि दोन क्रेडिट मिळवली, तर पालकांच्या शंकेला उत्तर नाही. रुंदीचा उपयोग खोली असेल तरच होतो. म्हणूनच मेजर असतो आणि त्यात तडजोड चालत नाही.

पण रुंदीने खोली कमी होतेच असं नाही. थॉमस चेक यांचं पदवीचं शिक्षण आयोवामधल्या ग्रिनेल या लिबरल आर्ट्स कॉलेजात झालं. जेनिफर डाउडना पोमोना कॉलेजात शिकल्या. चेक यांना १९८९ मध्ये आणि डाउडना यांना २०२० मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन नावांवरून नियम ठरत नाही. मात्र अशा शिक्षणातून शास्त्रज्ञ निघत नाहीत, ही समजूत तरी टिकत नाही.

नोकरीचं काय?

डॉक्टर, सी.ए. किंवा स्थापत्य अभियंता व्हायचं असेल तर त्या त्या व्यवसायाची ठरलेली वाट आहे आणि तीच धरावी. लिबरल आर्ट्स पदवीने पहिली नोकरी लवकर मिळेल असं मी सांगणार नाही, कित्येकांना थोडा जास्त वेळ लागतो. ज्या घरात मुलीने एकविसाव्या वर्षी पगार आणणं ही गरज आहे, त्या घराला "छंद जोपास" असं सांगणं अन्यायाचं आहे. तिथे मेजर आवडीचा आणि मायनर थेट कामाचा, उदाहरणार्थ अकाउंटिंग किंवा संगणकाचा, अशी जोडी विचार करून निवडावी. नव्या रचनेचा हा खरा फायदा आहे आणि प्रवेशाच्या वेळी तो कोणी समजावून सांगत नाही.

पहिल्या नोकरीनंतरचा विचारही करावा. गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला लागलेल्या मुलाचं काम उद्या यंत्र करू लागलं, तर त्याला नवं शिकावं लागेल. नवं शिकायची सवय आणि न कळलेलं विचारायचं धाडस यांची गरज तेव्हा पडते.

"हे पैसेवाल्यांचं आहे"

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठांची वर्षाची फी लाखांत असते. शिष्यवृत्त्या आहेत, पण राधानगरीच्या शेतकऱ्याला तो आकडा ऐकूनच मागे फिरावंसं वाटतं. यावर माझं म्हणणं असं की या शिक्षणाचा महागडा भाग वेगळा आणि गाभा वेगळा. वातानुकूलित वसतिगृह महाग असतं. दोन विद्यार्थ्यांनी एकमेकांचं लिखाण वाचून त्यावर बोलायला कागदाशिवाय काही लागत नाही. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, देवल क्लब १८८३ पासून गाणं जपतो आहे, आणि शिवाजी विद्यापीठाचा साडेआठशे एकरांचा परिसर झाडं, पाखरं आणि तळ्यांनी भरलेला आहे. पुण्या-मुंबईच्या महागड्या संस्थांना हे विकत घेता येणार नाही.

ऐंशी मुलांचा वर्ग आणि शेवटची एसटी

हा आक्षेप मला सर्वात खरा वाटतो. अमेरिकेतल्या त्या कॉलेजांत सात-आठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असतो. आपल्याकडे वर्ग भरगच्च, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक दोन-तीन कॉलेजांत धावणारे. त्यांच्याकडून तालमीतल्या वस्तादासारखी नजर कशी मागायची? रिकाम्या जागा भरणं हे सरकारचं काम आहे आणि त्याला दुसरा पर्याय नाही. ते न करता नुसते विषय बदलले तर धोरण कागदावर राहील.

दुसरी अडचण एसटीची. गगनबावडा, पन्हाळा, शाहूवाडीकडून येणारी मुलं सकाळचे तास संपले की स्टँडकडे पळतात. दुपारनंतर कॉलेज ओस पडतं. वर्गाबाहेर एकमेकांना भेटायला मुलांकडे वेळच उरत नाही. म्हणून तो वेळ वेळापत्रकाच्या मधेच काढायला हवा. परदेशातल्या अनेक कॉलेजांत आठवड्यातून एक तास असा ठेवतात की त्या वेळी कुठल्याच शाखेचा वर्ग नसतो. तिन्ही शाखांची मुलं एकदम मोकळी होतात, आणि मग एखादं व्याख्यान, नाटकाची तालीम किंवा नुसती चर्चा होऊ शकते. याला पैसे लागत नाहीत, फक्त सर्व विभागप्रमुखांनी एकत्र बसावं लागतं.

ऐंशीच्या वर्गातही पूर्ण सत्रात प्रत्येक जोडीला एकदा तरी शिक्षकासमोर बसता येईल. चाळीस जोड्या, प्रत्येकी वीस मिनिटं, म्हणजे तेरा-चौदा तास. दोन क्रेडिटच्या विषयाला मिळणाऱ्या तीस तासांपैकी जवळजवळ निम्मे. व्याख्यानं तेवढी कमी होतील. विद्यापीठाच्या युवा महोत्सवात ज्यांनी इथल्या मुलांची लोकनृत्यं आणि एकांकिका पाहिल्या आहेत, त्यांना ही मुलं काय करू शकतात ते माहीत आहे. त्या महिनाभरात बॉटनीचा मुलगा नेपथ्य उभं करतो, कॉमर्सची मुलगी प्रकाशयोजना शिकते, रात्री उशिरापर्यंत कोणी घरी जात नाही. हीच मुलं वर्गात गप्प बसत असतील तर फरक वर्गाच्या रचनेत आहे.

फॉर्म भरण्याआधी

माहितीपत्रकातल्या इमारतींच्या फोटोंवरून यातलं काही कळत नाही. कॉलेजात जाऊन थोडी विचारपूस करावी. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं आणि पदवीच्या मुलांना कपाटापर्यंत जाऊ देतात की खिडकीतून चिठ्ठी द्यावी लागते? ओपन इलेक्टिव्हसाठी खरोखर किती विषय चालू आहेत? कागदावर दहा आणि वर्गात एकच, असंही असू शकतं. फील्ड प्रोजेक्ट मुलं स्वतः ठरवतात की तयार यादीतून उचलतात? मेजर कोणत्या वर्षी पक्का करायचा आणि तोवर बदलता येतो का, हे विभागातच विचारून लिहून घ्यावं.

आणि कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाचा एखादा विद्यार्थी गाठून विचारावं की कॉलेजातल्या कोणत्या सरांनी किंवा मॅडमनी तुझं लिखाण शेवटचं कधी वाचलं, आणि वाचून काय विचारलं.